चालतंय-यादी

८ जानेवारी

१५२/९६.

डॉक्टरीणबाईंनी ही वही घ्यायला लावली. "रोज आकडा लिहा, त्याखाली झोप कशी लागली ते लिहा. दोन ओळी पुरेत." दोन ओळींत आटपणारा माणूस असतो तर रक्तदाब कशाला वाढला असता? ऑफिसच्या तळघरात गाडी लावून बसलोय. अजून वीस मिनिटं आहेत. वर गेलो की दारात कुणीतरी उभं असणारच.

तर कालपासून मी कंपनीचा मुख्य अधिकारी. सातवा मजला, कोपऱ्यातली खोली, दोन बाजूंना काच. सव्वीस वर्षं तिसऱ्या मजल्यावर खिडकी नसलेल्या लॅबमध्ये मायक्रोप्रोसेसर बनवण्यात गेली आणि आता एवढा उजेड की दिवसभर पडदे ओढून बसलो. माझ्या हातचं कंपनीत काय उरलंय म्हणाल तर भागाकार. चिपमधला भागाकार करणारा ब्लॉक मी एकट्याने लिहिला. पाच चिपा झाल्या, तो जसाच्या तसा पुढे जातोय, कुणी हात लावत नाही. ओळख करून देताना लोक हे सांगतात तेव्हा मी खाली बघतो. पण ऐकायला आवडतं, कशाला खोटं बोलू.

काल सगळे अभिनंदन करून गेले, मास्तर सोडून. आम्ही दोघं एकाच दिवशी नोकरीला लागलो. नव्या पोरांना तोच शिकवतो म्हणून त्याला मास्तर म्हणतात. शेवटी लिफ्टमध्ये गाठ पडली. "अभिनंदन, साहेब," म्हणाला. मी म्हटलं, "साहेब काय रे?" तर नुसता हसला आणि तिसऱ्यावर उतरला. या खोलीसाठी त्याचंही नाव होतं. लागलं असेल मनाला, साहजिक आहे.

झोप: बरी नाही.

१५ जानेवारी

नव्या चिपचा नकाशा काल भिंतीवर लागला. चिप नखाएवढी, कागद दाराएवढा. लॅबबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये तो लावायचा ही आमची जुनी पद्धत. चिपच्या प्रत्येक ब्लॉकवर एक पांढरी चौकट असते. तो ब्लॉक ज्याच्या ताब्यात आहे त्याने तपासण्या संपल्या की तिथे काळ्या मार्करने सही करायची. बत्तीस चौकटी भरल्या की डिझाइन कारखान्यात जातं. कुणी आजारी असेल, परगावी असेल, किंवा काही कारणाने सही होत नसेल, तर त्याच्या चौकटीत मुख्य अधिकारी सही करू शकतो, असाही एक नियम आहे. तो आजवर कुणी वापरल्याचं मला आठवत नाही.

माझा भागाकार मी वरच्या कामांत अडकल्यापासून मास्तरच सांभाळतो. म्हणजे त्या चौकटीत सही त्याची.

१८ मार्चला दुपारी बारा वाजता डिझाइन गेलंच पाहिजे. गिऱ्हाईक आहे दवाखान्यातले पंप बनवणारी कंपनी. पेशंटच्या उशाशी उभा राहून सलाइनमधून औषध थेंब थेंब मोजून सोडतो, तो पंप. आमचा विक्रीप्रमुख, सगळे त्याला गोडबोल्या म्हणतात, दोन वर्षं त्यांच्या मागे होता. अध्यक्षबाईंनी मला खोलीत बसवून शांतपणे सांगितलं की हे काम गेलं तर तिसरा मजला बंद करावा लागेल. एकशे चाळीस माणसं. "तुम्ही खालून आलात, तुम्हाला त्यांचे चेहरे माहीत आहेत," म्हणाल्या. म्हणूनच मला नेमलं की काय, असं वाटून गेलं.

२२ जानेवारी

मास्तरचा फोन. "दोन तास द्या. खाली या, माझ्या शेजारी बसा."

"फोनवर सांग ना."

"फोनवर दिसणार नाही."

गुरुवार दिला.

१ फेब्रुवारी

१५६/९८. तो गुरुवार गेला, पुढचाही गेला. एकदा गोडबोल्याची मीटिंग, एकदा कारखान्याचे लोक. मास्तर काही बोलला नाही, पण त्याचं न बोलणं मला ओळखू येतं. रुसलाय. रुसव्याला दोन तास कुठून आणू?

सकाळी हिने विचारलं, संध्याकाळी भाजी कुठली करू? मी म्हणालो, "या मुद्द्यावर आपण नंतर येऊ." मला कळलंही नाही. ही शाळेत गणित शिकवते, चुका शोधण्यात आयुष्य गेलंय. म्हणाली, "बरं. इतिवृत्तात लिहून घेते." मी हसायला हवं होतं. हसू येईपर्यंत ती शाळेत निघून गेली होती.

६ फेब्रुवारी

एकतीस सह्या झाल्या. एक चौकट रिकामी. अर्थात मास्तरची.

वर बोलावून घेतलं. बस म्हटलं तरी उभाच.

"सही का अडवून ठेवलीयस?"

"एक भागाकार चुकतोय, साहेब. चिप झोपेतून उठली की पहिलाच."

चिपची झोप म्हणजे काय ते पुढेमागे मीच विसरलो तर म्हणून लिहून ठेवतो. काम नसतं तेव्हा वीज वाचवायला चिपचे बहुतेक भाग बंद होतात. पुन्हा काम आलं की ती उठते. उठल्यावरच्या पहिल्या भागाकारात कधी कधी आधीचा उरलेला आकडा मिसळतो, असं त्याचं म्हणणं. चार दिवस तपासणी सलग चालवली, त्यात अकरा वेळा चुकला.

माझा जीव भांड्यात पडला. हे तर जुनंच. आमच्याकडे एक यादी असते: चूक माहीत आहे, पण तिच्याने वापरात काही बिघडत नाही, म्हणून तशीच राहू द्यायची, अशा चुकांची. अधिकृत नाव लांबलचक आहे. तिसऱ्या मजल्यावर सगळे तिला चालतंय-यादी म्हणतात. नवी चिप सुरू झाली की जुनी यादी पुढे उतरवून घ्यायची. मी संगणकावर उघडून त्याला मोठ्याने वाचून दाखवली. नोंद सतरा: "झोपेतून उठल्यावर पहिला भागाकार क्वचित चुकू शकतो. प्रत्यक्ष वापरात घडणार नाही. चालतंय."

"पाच चिपा ही नोंद आहे," मी म्हटलं. "कुणीतरी शहाण्या माणसाने विचार करूनच लिहिली असेल ना?"

मास्तर माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "लिहिणारा शहाणाच होता."

चला, एवढं तरी कबूल केलं.

पण सही करणार नाही म्हणाला. पूर्वी आपल्या चिपा टेलिफोन एक्स्चेंजच्या कपाटात बसायच्या, त्यांना झोप माहीतच नव्हती. हा पंप दर मिनिटाला झोपतो आणि उठतो, आणि उठल्यावर पहिलं काम करतो ते किती थेंब सोडायचे त्याचा भागाकार. एक तर दुरुस्तीला सात आठवडे द्या, नाही तर पंपवाल्यांना स्वच्छ सांगा, त्यांचं ते बघतील. मी गोडबोल्याला विचारलं. तो म्हणाला, पंपवाल्यांच्या प्रोग्रामची सरकारी तपासणी होऊन शिक्का बसलाय. त्यात एक ओळ बदलायची तरी त्यांचं वर्ष जाईल. सांगितलं तर ते उठून दुसरीकडे जातील. "आणि पंपाला इतर धोक्याच्या घंटा असतातच की," हेही म्हणाला. असतातच. असणारच.

मास्तर जाताना दारात थांबला. "एकदा खाली या फक्त. दोन तास."

१३ फेब्रुवारी

गेलो एकदाचा. लॅबमध्ये तोच वास, गरम यंत्रांचा आणि कार्पेटचा. मला बघून पोरं उठून उभी राहिली. यापूर्वी कधी राहत नव्हती.

मास्तरने मला मधल्या खुर्चीत बसवलं. एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला चिमणी. ही त्याची सगळ्यात हुशार शिष्या. बोलते भरभर आणि टेबलावर कायम काही ना काही टिपत असते, म्हणून चिमणी. तिने पडद्यावर सगळं उघडलं. माझ्या वेळी काळ्या पडद्यावर हिरव्या रेघा असायच्या. रेघ वर गेली म्हणजे एक, खाली आली म्हणजे शून्य. आता खिडकीत खिडकी, नऊ रंग, बोट लावलं की घडी उलगडते. चिमणी सांगत होती, मी मान डोलावत होतो. "सर, इथे दिसतंय ना?" मी म्हटलं, "हो, स्पष्ट दिसतंय." ती थोडी घुटमळली. मग माझ्या लक्षात आलं की मी डावीकडच्या खिडकीकडे बघत होतो आणि ती उजवीकडचं दाखवत होती.

मास्तर म्हणाला, "चिमणे, जरा चहाचं बघ." ती गेल्यावर त्याने पडदा बंद केला. "छापून देतो. घरी निवांत बघा." माझ्याकडे न बघताच म्हणाला. दोन तास दोन तास करून डोकं खाल्लं आणि वीस मिनिटांत गुंडाळलं. तोही कंटाळला असावा.

निळ्या फोल्डरमध्ये कागद घालून दिले. बॅगेत आहेत. माझ्या डोळ्यांचा नंबर वाढलाय, चष्मेवाल्याकडे जायला हवं.

२६ फेब्रुवारी

१६०/१००. संचालकांची बैठक. मास्तरलाही बोलावलं होतं. त्याने दहा मिनिटांत सगळं मांडलं, आवाज न चढवता. गोडबोल्याने एकच प्रश्न विचारला: पाच चिपांत या चुकीची किती तक्रार आली? एकही नाही. मग अध्यक्षबाईंनी नोंद सतरा वाचली आणि मास्तरला विचारलं, "हे लिहिलंय कुणी? त्यांनाच विचारू या की."

मास्तर म्हणाला, "जुनी नोंद आहे, बाई. खाली नाव नाही."

हे मात्र त्याने बरं केलं. कोण असेल तो, आता कुठल्या गावी असेल, जिवंत तरी असेल की नाही, कुणास ठाऊक. उगाच त्याच्या नावाने खडे फोडून काय मिळणार होतं?

बैठक संपल्यावर अध्यक्षबाई मला थांबवून म्हणाल्या, "इंजिनीअर कधीच तयार नसतात, हे तुम्हीच मला एकदा सांगितलं होतं. नियमाप्रमाणे तुम्ही त्या चौकटीत सही करू शकता ना?"

करू शकतो म्हटलं.

५ मार्च

चिमणी वर आली होती. वेळ न घेता. म्हणाली, दुरुस्ती तिने आणि मास्तरांनी मिळून करून ठेवलीय, फक्त तपासायला सात आठवडे हवेत. "सर, तुम्ही एकदा फोल्डर बघितलंत का?" मी तिच्यावर खेकसलो. प्रत्येकाने मला फोल्डर बघितलं का विचारायचं हे काम लावून घेतलंय का, असं काहीतरी. ती "सॉरी सर" म्हणून गेली. लेकीच्या वयाची पोर. दिवसभर तोंड कडू होतं.

फोल्डर काल काढलं होतं खरं तर. वरचं पान बघितलं. रेघा आहेत, पेन्सिलीच्या खुणा आहेत. दमलेल्या डोक्याने असलं काही वाचू नये. परत ठेवलं.

मला हल्ली सारखं वाटतं की मी फार दमलोय. सुट्टीचं नाही म्हणत. एखादं काम करून माणूस दमतो तसं नाही. मी कुठलं काम केलं हे संध्याकाळी सांगता येत नाही आणि तरीही दमलेला असतो. हे डॉक्टरीणबाईंना दाखवायचं नाही. हे पान दुमडून ठेवतो.

१५ मार्च

सही केली.

अकरा वाजता तिसऱ्यावर उतरलो. कॉरिडॉरमध्ये कुणी नव्हतं, पण सगळ्या दारांच्या काचांमागे माणसं होती. भागाकाराच्या चौकटीत मास्तरच्या नावापुढे माझी सही. एवढासा ब्लॉक, चिपच्या विसाव्या भागाइतकाही नाही. सही चौकटीबाहेर गेली.

साडेबाराला मास्तरचा राजीनामा आला. एक ओळ. पाठीचं दुखणं वाढलंय, मोकळं करावं. मी खाली फोन लावला तर म्हणे निघून गेले. ड्रॉवर रिकामा, खुर्ची टेबलात सरकवून ठेवलेली. सव्वीस वर्षं आणि एक फोन नाही. हाडाचा हट्टी. त्याला ही खोली मिळाली नाही, त्याचं उट्टं असं काढलं. लिहिताना वाईट वाटतंय, पण वाटतं ते हेच. सही झाली म्हणून अध्यक्षबाईंनी फुलं पाठवलीत. सातव्या मजल्याच्या काचेशी ठेवलीत. बघवत नाहीत.

१७ मार्च, रविवार

आज आकडा घेतला नाही.

ही सकाळी जेवणाच्या टेबलावर पेपर तपासत होती. कच्चं काम करायला पाठकोरा कागद हवा म्हणून तिने माझ्या बॅगेतून निळं फोल्डर काढलं. मी म्हटलं, घे, त्याचं काम संपलंय. ती पानं उलटत गेली आणि शेवटच्या पानावर थांबली.

"हे तू कधी लिहिलंस?"

"काय?"

एका जुन्या रजिस्टरच्या पानाची झेरॉक्स होती. मास्तरने रेकॉर्ड रूममधून काढली असणार. हाताने लिहिलेली नोंद सतरा.

"मी नाही. कुणीतरी जुन्या माणसाने लिहिलंय."

"अरे, सात बघ. पोटात रेघ मारलेला. असा सात तूच काढतोस. आणि शब्दावरची रेघ अर्ध्यात सोडायची तुझी खोड." तिने चष्मा वर केला. "लग्नाआधीची पत्रं कपाटात आहेत तुझी. आणू का?"

"नको."

मी कागद हातात घेतला. अक्षर माझंच. जरा तरुण, जरा घाईतलं, पण माझं. खाली तारीख. पहिली चिप गेली त्याच्या आदल्या दिवसाची.

आणि मग सगळं आठवलं. चार वाजेपर्यंत ब्लॉक द्यायचा होता. मास्तर माझ्या शेजारच्या स्टुलावर बसला होता. हजारात एकदा उत्तर चुकत होतं. तो म्हणत होता, कारण शोधू या, दोन तास लागतील. मी म्हटलं होतं, एक्स्चेंजची चिप झोपते कुठे लेका? आणि रजिस्टर ओढून लिहून टाकलं. चालतंय. अठ्ठावीस वर्षांचा होतो. कारण मला त्या दिवशीही कळलं नव्हतं, तेवढं मात्र मी नोंदीत लिहिलं नाही.

म्हणजे त्याने माझ्यासमोर उभं राहून ऐकून घेतलं. शहाण्या माणसाने लिहिलंय, हे मी त्याला वाचून दाखवलं आणि त्याने ऐकून घेतलं. बैठकीत अध्यक्षबाईंनी नाव विचारलं. माझं नाव त्याच्या जिभेवर होतं, आणि मी तिथे बसून मनात म्हणत होतो, जिवंत तरी असेल की नाही.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हिला सगळं सांगितलं. हेही सांगितलं की फोल्डरमधल्या बाकीच्या पानांतलं मला एक अक्षर कळत नाही. डोळ्यांचा काही संबंध नाही. मला येतच नाही आता ते. सात-आठ वर्षं झाली असतील येईनासं होऊन. मी कुणाला कळू दिलं नाही.

हिने फोल्डर मिटलं. "उद्या किती वाजता जाणार आहे ते?"

"बारा."

"मग वेळ आहे," म्हणाली आणि पुढचा पेपर ओढला. लाल पेन मात्र उघडलं नाही.

१८ मार्च

सकाळी आठला मास्तरच्या घरी फोन केला. वहिनींनी उचलला.

"झोपलेत. पहिल्यांदाच एवढे झोपलेत. उठवू का?"

"नको वहिनी. नका उठवू."

ठेवणार होतो, पण त्याच म्हणाल्या, "भाऊजी, एक विचारू? तुम्ही गेला होता का त्यांच्याकडे बसायला? रोज संध्याकाळी सांगायचे, उद्या येईल. मी म्हटलं, एवढं जड जातंय तर तोंडावर सांगून टाका त्यांना. तर म्हणाले, त्याची चूक दुसऱ्याने दाखवली की तो भांडत बसतो. त्याची त्याला सापडली की जेवणखाण विसरून दुरुस्त करतो. पंचवीस वर्षं बघतोय मी."

मी म्हटलं, "गेलो होतो वहिनी. मला सापडली नाही."

नऊला अध्यक्षबाईंकडे. रजिस्टरचं पान त्यांच्यापुढे ठेवलं आणि कुणाचं अक्षर आहे ते सांगितलं. डिझाइन थांबवतोय आणि पंपवाल्यांना फोन करतोय म्हटलं. बाईंनी पान दोनदा वाचलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"एकशे चाळीस," म्हणाल्या.

"माहीत आहे."

"तुम्ही मला विचारताय की सांगताय?"

मी पान उचलून परत फोल्डरमध्ये घातलं.

"विचारू नका. विचारलंत तर मला नाही म्हणावं लागेल." खिडकीकडे वळल्या. "संध्याकाळपर्यंत तुमचं राजीनाम्याचं पत्र द्या. मी ते परत करणार नाही."

तिसऱ्यावर उतरलो. चिमणीला म्हटलं, बाराचं थांबव. तिने कारण विचारलं नाही. लगेच फिरली आणि दोन फोन लावले. भिंतीपाशी जाऊन मी माझी सही काट मारून खोडली. मार्करची सही पुसत नाही. मग लॅबमध्ये आलो आणि मास्तरच्या खुर्चीत बसायचं जिवावर आलं म्हणून स्टूल ओढून घेतलं. तिथूनच पंपवाल्यांच्या मुख्य इंजिनीअरला फोन लावला. या बाईंशी मी आजवर कधी बोललो नव्हतो. त्यांच्याशी बोलायचं काम गोडबोल्याचं होतं.

सगळं सांगितलं. झोप, उठणं, पहिला भागाकार, चार दिवसांत अकरा वेळा. पलीकडे पेन कागदावर चालल्याचा आवाज येत होता. मध्ये एकदाही थांबवलं नाही त्यांनी.

"हे कधीपासून माहीत आहे?"

"पंचवीस वर्षं."

"कुणाला?"

"मला. मीच लिहून ठेवलं होतं, आणि विसरलो."

पेनचा आवाज थांबला. वाटलं, फोन ठेवला. गिऱ्हाईक गेलं. चिमणी माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि तिच्या मागे काचेपलीकडे एकेक करत सगळा मजला गोळा झाला होता. सगळे चेहरे मला माहीत होते, अध्यक्षबाई म्हणाल्या होत्या तसे.

"ही सतरावी नोंद म्हणालात," त्या म्हणाल्या. "यादीत एकूण किती आहेत?"

"बेचाळीस."

"बाकीच्या एक्केचाळीस तुम्ही वाचल्यात?"

"नाही. आम्ही त्या उतरवून घेतो."

"मग आता वाचा. एकेक. आमच्या पंपाला कुठली चालते आणि कुठली नाही ते मी सांगते. तुमच्याबरोबर पुढे काम करायचं की नाही, ते त्यानंतर ठरवीन. मला आज दुसरं काम नाही, मी थांबते फोनवर."

चिमणीने यादी काढून माझ्यापुढे ठेवली. मी पहिली नोंद वाचली. दोनदा वाचली. मग फोनमध्ये म्हणालो, "मॅडम, मला ही कळलेली नाही. जरा थांबा, इथे एका मुलीला येतं, ती आधी मला समजावून सांगेल." आणि चिमणीसाठी शेजारचं स्टूल ओढलं.